बुधीबाईला कळेल तो अर्थ

डहाणूहून तलासरीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत मी खिडकीशी बसून, डोळे मिटून पाठांतर करत होते. मांडीवर जाडजूड वैद्यकीय कोश आणि ओठांवर त्यातले एकेक शब्द... "दात्रपेशी रक्तक्षय... अस्थिमज्जा... प्लीहावृद्धी... रक्तविलयन..."

"ताई—" शेजारून हळूच आवाज आला, "कोणाला शाप देताय का?"

मी डोळे उघडले. शेजारी एक उंच, सावळा मुलगा बसला होता. अंगात पांढरा शर्ट, मांडीवर घडी घातलेला काळा कोट, आणि चेहरा इतका गंभीर, की चेष्टा करतोय की खरंच विचारतोय ते कळेना. पण डोळे हसत होते. ते मला जरा उशिराच दिसले.

मी वरोरची. आमच्याकडच्या बायका बोटीच्या इंजिनावर आवाज चढवून मासळीचा भाव ठरवतात, त्यामुळे गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. शाप नाही, आजारांची नावं आहेत, असं मी त्याला ठणकावून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, की मग पेशंट आजाराआधी नावानंच गार होईल. मीही त्याच्या काळ्या कोटाकडे बोट दाखवून विचारलं, तुमच्या कोर्टात तरी कुठे अमृत वाटतात?

तो पहिल्यांदा मोकळेपणानं हसला. म्हणाला, "खरंय. परवा एका आजोबांना पत्र आलं, तुमचा अर्ज नस्तीबद्ध करण्यात आला आहे. त्यांना वाटलं, मंजूर झाला. पेढे घेऊन आले होते."

"आणि मग?"

"मग काय... मी एक पेढा खाल्ला आणि त्यांना सांगितलं, की अर्ज फायलीत बांधून ठेवलाय, काम संपलंय. तेवढा कडू पेढा मी आयुष्यात खाल्ला नाही."

बाहेर सप्टेंबरचा पाऊस होता, जायच्या तयारीतला. ऊन आणि सरी एकाच वेळी पडत होत्या. चिकूच्या वाड्या मागे गेल्या, डोंगर जवळ आले, सागाच्या पानांवरून पाणी निथळत होतं, आणि मला उगाचच वाटत होतं की आज तलासरी जरा लांब असायला हवी होती. ही गोष्ट २०१७ सालची. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि असं वाटणं मला अगदी नवीन होतं.

तलासरीला मी उतरले, तर तोही उतरला. मी डावीकडे वळले, तोही वळला. शेवटी संस्थेच्या फाटकाशी दोघंही एकदमच थांबलो.

संस्था छोटीशी होती. पाड्यापाड्यांवर रक्ततपासणी करायची, लोकांना आजार समजावून सांगायचा, असं काम. मी तिथे तीन आठवड्यांपूर्वी समुपदेशक म्हणून लागले होते. तो होता प्रवीण, जवळच्याच पाड्यावरचा, वारली घरातला पहिला वकील. डहाणूच्या एका वकिलांच्या हाताखाली काम करायचा. आमच्या प्रमुख निर्मलाताईंनी त्याला बोलावलं होतं, आणि कशासाठी ते पाच मिनिटांत कळलं. लोकांसाठी एक पुस्तिका काढायची होती. शंभर शब्द. दवाखान्यातले माझ्याकडे, कोर्टातले त्याच्याकडे, आणि प्रत्येकाचा अर्थ साध्या बोलण्यात.

"साध्या म्हणजे तुमच्या साध्या नव्हे," निर्मलाताई म्हणाल्या. "बुधीबाईला कळेल असा."

बुधीबाई प्रवीणच्या पाड्यावरची. वय तिलाही माहीत नव्हतं. अक्षरओळख शून्य, पण अख्खा पाडा अडलं की तिच्या ओट्यावर जायचा. ताईंची अट अशी होती, की आम्ही शब्दाचा अर्थ बुधीबाईला सांगायचा. बुधीबाईनं तो आपल्या तोंडानं शेजारच्या ठकीला सांगायचा. आणि ठकी जे सांगेल ते आम्ही सांगितल्याशी जुळलं, तरच शब्द पास. नाहीतर पुन्हा पुढच्या मंगळवारी.

पहिल्या मंगळवारी माझे आठच्या आठ शब्द नापास झाले. प्रवीणचे दोन पास झाले, आणि परतीच्या वाटेवर त्यानं मला त्याबद्दल जरासुद्धा चिडवलं नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

मग मी कोश घरी ठेवून जायला लागले. तेव्हा कुठे शब्द सुटायला लागले. 'जुनाट आजार' बुधीबाईनं ठकीला असा सांगितला, की पावना म्हणून आला न घरजावई होऊन बसला. 'रुग्ण निरीक्षणाखाली आहे' म्हणजे डाक्तरला पन अजून ठावं नाय, तोपन बघत बसलाय. आणि प्रवीणचा 'जामीन' तर मी जन्मात विसरणार नाही. बुधीबाई म्हणाली, "पोरगा घरी हाय, पन दोरी कोर्टाच्या खुट्याला बांधेल हाय."

हे सगळं वहीत उतरवायची ती रूपी, प्रवीणची धाकटी बहीण. सतरा वर्षांची, बारावीत, अक्षर मोत्यासारखं आणि जीभ माझ्याहून तिखट. रूपीला सिकलसेल होता. त्या कोशातला 'दात्रपेशी'चा शाप तो हाच. रक्तातल्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकड्या होतात, कुठेकुठे अडकतात, आणि मग हाडं अशी दुखतात की माणूस बोलू शकत नाही. ती माझ्या यादीतली पेशंट होती. काही मंगळवारी ती गोधडी पांघरून पडूनच असायची, आणि तरी आतून ओरडायची, की अर्थ चुकला, पुन्हा सांगा.

आणि प्रवीण...

पाड्यावरून फाट्यापर्यंत वीस मिनिटांची पायवाट होती. दोन्ही बाजूंना भात कापणीला आलेला, हवेत त्याचा गोडसर ओला वास. तो नेहमी अर्धं पाऊल मागे चालायचा, आणि चिखल आला की न बोलता अर्धं पाऊल पुढे. एकदा त्यानं सवयीनं ताई म्हटलं, तर मी वळून थांबले.

"ताई म्हणू नका."

"मग? मॅडम?"

"कल्पिता."

त्यानं ते नाव मोठ्यानं घेतलं नाही. नुसते ओठ हलवून पाहिले, मी बसमध्ये कोशातले शब्द घोकत होते तसे. मला पुढची वाट कुठून कशी गेली ते आठवत नाही.

"एक शब्द अडलाय," ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी तो फाट्यावर म्हणाला. "एखादा माणूस मंगळवारची वाट शनिवारपासून बघत असेल, तर तुमच्या कोशात त्याला काय म्हणतात?"

"आमच्याकडे अशा माणसाला दाखल करून घेत नाहीत," मी म्हटलं. "तुमच्याकडे?"

"आमच्याकडे त्याला पूर्वनियोजित म्हणतात. शिक्षा जास्त लागते."

बस आली म्हणून बरं, नाहीतर माझा चेहरा त्याला दिसला असता. खरं सांगायचं तर मी शुक्रवारपासून वाट बघत होते.

पण एक शब्द तो सारखा मागे ढकलत होता. 'वाहक'. रूपी वहीतून वाचायची आणि तो म्हणायचा, तो पुढच्या वेळी. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी मी हट्टानं तोच शब्द घेतला.

बुधीबाईला वाहक म्हणजे एसटीतला तिकीटवाला एवढंच ठाऊक होतं. मी तिच्याच कणगीतले भाताचे दाणे घेतले. म्हटलं, प्रत्येक माणसाला रक्ताचे दोन दाणे मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक किडका आणि एक चांगला असेल, तर त्या माणसाला काही होत नाही. तो आजारी नाही, तो वाहक. बुधीबाईनं दाणे तळहातावर फिरवले, ठकीकडे वळली, आणि म्हणाली, "आयसचा एक, बासचा एक. एक किडका असंल तरी रोप चांगलंच येल. पन किडका दाना कनगीत राहील. न दोन घरचं दोन किडकंच दानं एका खड्ड्यात पडलं, तर मग रोपाला तरास."

शब्द पास झाला. मी विजयी मुद्रेनं प्रवीणकडे पाहिलं. तो ओट्याच्या खांबाला टेकून उभा होता.

"मी वाहक आहे," तो म्हणाला. "आठवीत असताना तपासणी झाली होती."

आणि मी... दर आठवड्याला चाळीस जणांना 'वाहक म्हणजे आजारी नव्हे' असं सांगणारी मी, पेशंटशी बोलतात तशा आवाजात पटकन म्हणाले, "कधी थकवा येतो? सांधे दुखतात?"

"नाही मॅडम," तो म्हणाला. "येत नाही."

तो मॅडम शब्द मला पायात काटा घुसावा तसा लागला. रूपीनं वही मिटली. बुधीबाईनं माझ्याकडे असं बघितलं, की मला माझेच आठ नापास शब्द आठवले. रूपीला दोन किडके दाणे मिळाले, म्हणजे आई-वडील दोघंही वाहक. मग तिचा भाऊ? एवढं साधं गणित मी रोज लोकांना घालत होते, आणि स्वतः तीन महिन्यांत एकदाही केलं नव्हतं. करायचंच नव्हतं मला. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

फाट्याच्या वाटेवर मी त्याची माफी मागितली, अगदी सरळ. भात कापून झाला होता, खाचरं उघडी पडली होती, आणि बगळे शांतपणे फिरत होते.

"तुमची चूक नाही," तो म्हणाला. "मला लवकर सांगायला हवं होतं. मी बारावीत असतानाच ठरवून टाकलंय. जी मुलगी आवडेल, तिला आधी तपासणी करायला सांगायची. तिचा रिपोर्ट चांगला आला, तर तिला विचारायचं."

"आणि नाही आला तर?"

"तर नाही विचारायचं. दुसरी रूपी नको, कल्पिता. मी बघू शकणार नाही." मग खाली बघत, अगदी हळू... "तुम्ही तपासणी कराल?"

म्हणजे मी आवडत होते. एवढं एकच वाक्य मी बसमध्ये, घरी, जेवताना आणि अंथरुणात घोळवत राहिले. तपासणीची मला काडीची भीती नव्हती. किनाऱ्यावरची आम्ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या समजत आलो, की हा आजार आतल्या भागातला, डोंगराकडचा. समुपदेशक असून मीही तेच समजत होते. दुसऱ्याच दिवशी मी दंडातून रक्त दिलं आणि वाटेत हिरव्या बांगड्या घेऊन आले. इतका माझा भरवसा.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. मी वाहक होते.

तो कागद मी चारदा वाचला. दुसऱ्या कोणाचा असता तर एका नजरेत कळला असता. घरी आले तेव्हा आई, देवकी तिचं नाव, अंगणात बोंबील टांगत होती. मी सगळं सांगितलं, रिपोर्टही आणि प्रवीणही. ती आधी प्रवीणवर भडकेल असं वाटलं होतं. पण ती कागदाकडे बघत राहिली.

"तुझ्या बाबाची आजी," ती म्हणाली, "ती आपल्यातली नव्हती. उधव्याकडून, डोंगरातून लाकडाच्या मोळ्या घेऊन बाजाराला येवाची. एक दिस आली ती परत गेलीच नाय."

"आणि लोक?"

"बोलली ना. चार वरसं बोलली. मग तिच्यासारखं सुकं कोणाचंच व्हवत नाय म्हनल्यावर गप बसली." आईनं एक बोंबील टांगला. "घरात तिचं नाव कोन काढत नाय. मना सासूनं सांगलं."

तो दाणा त्या बाईचाच, असं शास्त्र ठामपणे सांगू शकत नाही. पण मला त्या रात्री सारखी ती दिसत होती. डोक्यावरची मोळी उतरवलेली, समुद्राकडे तोंड करून उभी. तिला कोणी आधी काही विचारलं असेल का, की तिनंच ठरवलं असेल?

सकाळी उठले तेव्हा मी ठरवलं होतं. प्रवीणनं विचारायची वाट बघायची नाही.

डिसेंबरचं कोवळं ऊन होतं. प्रवीणच्या अंगणात रूपी खाटेवर बसून वही पक्की करत होती, आणि तो पायरीवर. मी रिपोर्ट त्याच्या हातात दिला. त्याचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. मला तिथेच रडू येत होतं, पण मी वरोरची आहे, आधी बोलून घेतलं.

"चारात एक," मी म्हटलं. "दर खेपेला. चारातल्या तीन वेळा मूल आजारी नसतं. दहाव्या-बाराव्या आठवड्यात पोटातल्या बाळाची तपासणी होते."

"मला गणित येतं."

"मग?"

"माझ्या घरात तो चारातला एक आहे," तो म्हणाला. "दुखतं तेव्हा ती उशी चावते, आईला आवाज जाऊ नये म्हणून. मी पुन्हा तेच..."

"दादा," रूपी म्हणाली.

आम्ही दोघंही वळलो. तिनं वही बाजूला ठेवली होती.

"काल मी काय केलं, सांग."

प्रवीणनं रिपोर्ट पायरीवर ठेवला.

"काल मी नि शेजारची बारकी बोरं पाडायला गेलो. बारकी काटेरी फांदीवर बसली न ओरडली, मी इतकी हसले की मला उठता येईना. परवा गणिताच्या पेपरात पहिली आले. मला दुखतं तेव्हा तू सगळं बघतोस, दादा. न दुखणारे दिवस तू कधी बघितलेस? सारखं आपलं दुसरी रूपी नको, दुसरी रूपी नको... पहिलीला कसं वाटतं, एकदा तरी विचारलंस?"

कुठेतरी कोंबडी पालापाचोळा उकरत होती. प्रवीणनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्याचे खांदे हलले. मोठ्या माणसाला असं रडताना मी जवळून कधी पाहिलं नव्हतं. तो उठून रूपीपाशी गेला, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिनं तो "पुरे आता" म्हणत झटकला.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"शंभरावा शब्द राहिलाय," मी म्हटलं. "संमती. तो दवाखान्यातला की कोर्टातला, ते आपलं ठरलंच नाही."

"दोन्हीकडचा," तो डोळे पुसत म्हणाला.

"अर्थ सांग."

"सगळं नीट समजून... कोणी ढकलत नसताना... नाही म्हणायची मोकळीक असताना, हो म्हणणं."

"मग ऐक. मूल होईल किंवा होणार नाही. तपासणीत काय निघेल ते आज माहीत नाही. जे निघेल त्याचं दोघांनी मिळून ठरवायचं. कदाचित खूप रडावं लागेल. आमच्याकडची माणसं चार वर्षं बोलतील. हे सगळं मला समजलंय, प्रवीण, मला कोणी ढकललेलं नाही, आणि मी हो म्हणतेय. तू विचारलं नाहीस तरी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ते बसमधले हसरे डोळे नव्हते, पण मला हेच जास्त आवडले.

"मी नाही म्हटलं तर?"

"तर साडेचारची बस आहे. पुस्तिका पोस्टानं पाठवीन."

"मला भीती वाटते, कल्पिता."

"मलाही वाटते."

"आणि तरी..."

"तरी काय? अर्धं वाक्य मी धरणार नाही."

"तरी मला तू हवी आहेस," तो म्हणाला. "मूल झालं तरी, नाही झालं तरी. मला तूच हवी आहेस."

फाट्यावरून साडेचारची बस गेल्याचा आवाज आला. प्रवीणनं माझा हात हातात घेतला होता, आणि आपण तो रूपीच्या देखत घेतलाय हे त्याच्या लक्षातच नव्हतं. मीही आणून दिलं नाही.